एका म्यानात दोन तलवारी : बूट लोडरची चाळीस वर्षे



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. ज्यांनी जादा मुदतीसाठी नोंदणी केली नाही, त्यांच्या संगणकाला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे त्या दिवसापासून थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ आणि त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. तुमच्या घरी कपाटात किंवा बेसमेंटमध्ये असा एखादा लॅपटॉप असणारच.

त्यावरून घराघरांत एक संवाद होतो. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "बाबा, यावर लिनक्स टाकू या, मशीन अजून चांगलं आहे." बाबा म्हणतात, "टाक, पण विंडोज काढू नकोस. माझं सगळं जुनं त्यात आहे." बाबांचा आग्रह निव्वळ हट्ट नसतो. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी टंकलेखन केले ते श्री-लिपी, आयएसएम किंवा शिवाजी फॉन्टसारख्या साधनांवर. त्या फायलींत मराठी अक्षरे नसतात, असतात रोमन अक्षरांचे संकेतांक. अक्षराला मराठी रूप देणारा फॉन्ट मिळाला नाही, तर आजोबांची आत्मकथा, लग्नाच्या याद्या, मंडळाच्या जुन्या अंकांचे लेख, सगळे अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसते. जुने सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच नीट चालते. म्हणून बापलेकींचा तह होतो : दोन्ही ठेवायचे. एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली, म्हणजे ड्युअल बूट.

आपल्याकडे म्हण आहे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. संगणकात राहतात, पण सुखाने नाही. कधीतरी एखाद्या अपडेटनंतर सकाळी बटण दाबले की काळा पडदा येतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादी ओळ, आणि पुढे काही नाही. आजोबांची आत्मकथा गेली असे वाटते. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. फक्त दाराशी भांडण झालेले असते. ते भांडण समजण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते, कारण काळ्या पडद्यावरच्या त्या ओळींचे अर्थ इतिहासातच सापडतात. मुलांनो, मराठी वाचायला वेळ लागत असेल तर आई-बाबांच्या शेजारी बसून वाचा. यातले निम्मे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत.

बुटाचा पट्टा

संगणक बंद असतो तेव्हा त्याची मुख्य स्मृती कोरी असते. कार्यप्रणाली डिस्कवर असते. पण डिस्कवरून काही वाचायचे तर वाचणारा प्रोग्रॅम आधी स्मृतीत हवा, आणि तो प्रोग्रॅमही डिस्कवरच! कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप, असा हा पेच आहे. स्वतःच्या बुटाचा मागचा पट्टा ओढून स्वतःलाच उचलायचे, या अर्थाचा इंग्रजीत वाक्प्रचार होता. त्यातल्या बूटस्ट्रॅप शब्दावरून या क्रियेला 'बूट करणे' म्हणू लागले.

१९५२ च्या आयबीएम ७०१ संगणकावर यासाठी 'लोड' नावाचे बटण होते. ते दाबले की पंचकार्डावरून किंवा चुंबकीय फितीवरून पहिल्या मोजक्या सूचना स्मृतीत येत आणि त्या सूचना पुढचा प्रोग्रॅम ओढून आणत. १९७५ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या आल्टेअर ८८०० या घरगुती संगणकाला असे बटणही नव्हते. मालकाला समोरच्या पट्टीवरच्या खिट्ट्या वर-खाली करून पहिला छोटा प्रोग्रॅम एकेक बाइट करत भरावा लागे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

हे काम कायमस्वरूपी चिपमध्ये कोरून ठेवले की माणसाची बोटे वाचतात. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत तशी चिप होती. तिच्यातल्या प्रोग्रॅमचे नाव बायॉस. वीज सुरू होताच प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बायॉस चालवू लागे, बायॉस यंत्राची तपासणी करे, आणि मग फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचून त्याच्या हाती कारभार सोपवे.

५१२ बाइटांची देवडी

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि सोबत आली पीसी डॉस २.०. एवढ्या 'प्रचंड' डिस्कचे भाग पाडून वेगवेगळ्या कार्यप्रणालींना देता यावेत, अशी सोय त्याच वेळी केली गेली. तिचे नाव मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. म्हणजे एका डिस्कवर दोन कार्यप्रणाली ही कल्पना कुणा हौशी माणसाची नाही; ती पीसीच्या पहिल्या हार्ड डिस्कइतकीच जुनी आहे.

एमबीआर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला सेक्टर. एकूण जागा ५१२ बाइट. साध्या इंग्रजी मजकुराच्या जेमतेम ५१२ अक्षरांएवढी. तिची वाटणी अशी : पहिले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ बाइट डिस्कच्या पार्टिशनांच्या नोंदीसाठी, आणि शेवटचे २ बाइट ही खूण. नोंदवहीत प्रत्येक पार्टिशनला १६ बाइट, म्हणून फक्त चार नोंदी मावतात. शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही षोडशमान पद्धतीतली खूण असली की बायॉस तो सेक्टर खरा मानते. जणू कागदावरची मोर्तब.

जुन्या वाड्याच्या देवडीवर एकच पहारेकरी बसावा, तसे हे ४४६ बाइट. आत दोन भावांचे दोन चौक असले तरी दिंडी दरवाजा एकच. आणि बायॉस पहारेकऱ्याला एकही प्रश्न विचारत नाही. तू कोण, तुला कोणी नेमले, आतल्या लोकांना तू ओळखतोस का, यातले काही नाही. शेवटी ज्याने तो सेक्टर लिहिला, त्याचे राज्य.

या आंधळ्या विश्वासाचा पहिला मोठा फायदा चोरांनी घेतला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा पीसीवरचा सुरुवातीचा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमधून पसरलेला स्टोन्ड थेट हार्ड डिस्कच्या एमबीआरमध्ये शिरे. त्याचाच वंशज मायकेलअँजेलो ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसून टाकी, आणि १९९२ मध्ये त्याच्या धास्तीने जगभर बातम्या झळकल्या होत्या. पहारेकऱ्याच्या जागी कोणीही बसू शकतो, हा धडा तेव्हाच मिळाला. त्याचे उत्तर यायला पुढे पंचवीस वर्षे लागली, आणि ते उत्तर स्वतःच नव्या भांडणाचे कारण झाले. ते पुढे येईलच.

अर्धवट उमटणारे नाव

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली. सुरुवातीला लिनक्स वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डिस्कवर आधीपासून डॉस असे. त्यामुळे दोघांना एकत्र नांदवणारा प्रोग्रॅम लगेच हवा होता. वेर्नर आल्मेसबर्गरने १९९२ मध्ये तो लिहिला : लिनक्स लोडर, म्हणजे लिलो.

४४६ बाइटांत मेनू, निवड, डिस्कवाचन सगळे मावणार कसे? लिलोने काम दोन टप्प्यांत विभागले. देवडीवरच्या छोट्या तुकड्याने फक्त मोठ्या तुकड्याला आत बोलवायचे. आणि प्रत्येक पायरी पार पडली की पडद्यावर आपल्या नावाचे एकेक अक्षर लिहायचे. पूर्ण 'एलआयएलओ' उमटले तर सगळे ठीक. नुसता 'एल' दिसून थांबले, तर पहिला तुकडा चालला पण दुसरा वाचता आला नाही. 'एलआय'पर्यंत आले, तर दुसरा तुकडा वाचला गेला पण चालू झाला नाही. त्रुटीसंदेश लिहायला जागा नाही म्हणून नावालाच संदेश केले! तेव्हा ही अक्षरे मोजून अनुभवी लोक दोष सांगत.

लिलोची एक मर्यादा होती. त्याला डिस्कवरची फाइल-व्यवस्था वाचता येत नसे. लिनक्सची मुख्य फाइल डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांत आहे, त्यांचे पत्ते तो आधीच टिपून ठेवी. नवी आवृत्ती टाकली आणि लिलो पुन्हा चालवायला विसरले, की तो जुन्या पत्त्यावर जाऊन उभा. घर बदलल्यावर पोस्टाला न कळवल्यासारखे. दुसरी अडचण बायॉसची. जुन्या बायॉसला १०२४ च्या पुढचे सिलिंडर मोजता येत नसत. त्या हिशेबाने आधी सुमारे ५०४ एमबीची आणि पत्त्यांचे रूपांतर करण्याची युक्ती आल्यावर सुमारे ८.४ जीबीची मर्यादा पडे. डिस्क त्याहून मोठी असेल आणि लिनक्सची फाइल त्या रेषेपलीकडे गेली, तर बूट बंद. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच 'बूट' नावाचे छोटे पार्टिशन ठेवायची रीत पडली. कारण बरेचसे गेले, तरी रीत अजून अनेक ठिकाणी दिसते.

वायटूकेच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून इकडे आलेल्या आपल्यातल्या अनेकांना हा काळ आठवत असेल. डायल-अपवरून लिनक्स उतरवणे तेव्हा भारतात अशक्यप्राय होते. पीसीक्वेस्ट मासिकासोबत सीडी येई आणि ती हातोहात फिरे. सीडी घालायची, जीव मुठीत धरून पार्टिशन पाडायचे, आणि लिलोचे चौथे अक्षर उमटेपर्यंत श्वास रोखायचा.

त्याच काळात ड्युअल बूटचा पहिला अलिखित नियम रूढ झाला : आधी विंडोज, मग लिनक्स. विंडोज ९५ बसवताना त्याचा इन्स्टॉलर एमबीआरवर स्वतःचा पहारेकरी बसवी आणि आधीचा कोण होता याची चौकशी करत नसे. लिनक्स जागच्या जागी शाबूत असे, पण त्याच्याकडे जायची वाट बंद होई. उलट बाजूने, लिनक्स काढून टाकल्यावर अर्धवट लिलो मागे राहिला तर डॉसमधली 'एफडिस्क स्लॅश एमबीआर' ही आज्ञा कामी येई. ती देवडीवर पुन्हा मायक्रोसॉफ्टचा माणूस बसवी. एक्सपीत तेच काम 'फिक्सएमबीआर'ने होऊ लागले, आणि व्हिस्टापासून 'बूटरेक'ने.

वाचता येणारा पहारेकरी

१९९५ मध्ये एरिक बोलेनने ग्रब लिहायला घेतला. ग्नू प्रकल्पाच्या हर्ड या कार्यप्रणालीला बूट करणे हा त्याचा मूळ हेतू. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो अधिकृत ग्नू संच म्हणून पुढे नेला. ग्रबचा मोठा गुण हा की त्याला फाइल-व्यवस्था वाचता येते. पत्ते पाठ करायची गरज नाही. नाव सांगा, तो आत जाऊन शोधतो. काही बिघडले तर त्याच्यापाशी छोटी आज्ञापट्टी असते, तिथे बसून माणूस हाताने बूट करू शकतो.

जुना ग्रब आकड्यांत बोले. त्रुटी १५ म्हणजे फाइल सापडत नाही. १७ म्हणजे पार्टिशन आहे पण त्यातली फाइल-व्यवस्था ओळखता येत नाही. १८ म्हणजे तीच १०२४ सिलिंडरांची जुनी मर्यादा. २२ म्हणजे असे पार्टिशनच नाही. बहुधा कुणीतरी विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले. २००९ पासून उबुंटूत आणि मग सर्वत्र रुळलेला ग्रब २ आकड्यांऐवजी शब्दांत सांगतो आणि 'ग्रब रेस्क्यू' अशी ओळ दाखवून थांबतो. अर्थ इतकाच की पहारेकरी जागेवर आहे, पण त्याला त्याची पेटी सापडत नाही.

इतका मोठा ग्रब ४४६ बाइटांत मावत नसे. एमबीआरनंतर पहिल्या पार्टिशनपर्यंत जुन्या डिस्कांवर ६२ सेक्टर रिकामे असत, सुमारे ३१ केबी. ग्रबने आपला मधला टप्पा तिथे मांडला. पण ती जागा कागदोपत्री कुणाचीच नव्हती, आणि बेवारस जागेवर एकटा ग्रबच नव्हता. काही महागड्या व्यावसायिक सॉफ्टवेअरांची परवाना तपासणारी यंत्रणाही आपली खूण त्याच सेक्टरांत लिही. विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअर उघडले की दुसऱ्या दिवशी लिनक्स बूट होत नसे, आणि दोहोंचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नसे.

चावी कोणाची?

आतापर्यंतच्या गोष्टीत भांडण तांत्रिक होते. पण देवडीवर कोण बसणार हा प्रश्न पैशाचाही होता.

अ‍ॅपल सोडून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी बी नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही कार्यप्रणाली चित्रफीत आणि ध्वनीच्या कामात त्या काळी फार वेगवान समजली जाई. बी कंपनीने विंडोजची जागा घ्यायचा दावा केला नाही. शेजारी बसू द्या, एवढेच तिचे म्हणणे. १९९८ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने विंडोज आणि बीओएस दोन्ही असलेले संगणक विकायचे ठरवले. संगणक आले, डिस्कवर बीओएसही होती, पण सुरू करताना निवडीचा मेनू मात्र नव्हता. घेणाऱ्याला आपल्या संगणकात दुसरी कार्यप्रणाली आहे हेच दिसत नसे. ती जागी करायची कृती बी कंपनीला वेगळी सांगावी लागली. संगणक विकणाऱ्या कंपन्यांशी मायक्रोसॉफ्टने केलेल्या परवान्याच्या अटींमुळे असा मेनू दाखवता येत नाही, असा बी कंपनीचा आरोप होता. २००१ मध्ये बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने विकत घेतली. फेब्रुवारी २००२ मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, आणि सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही. बीओएस मात्र तोवर बाजारातून गेली होती.

चार ओळींचा मेनू, आणि त्यावर एका कंपनीचे भवितव्य. घरातल्या काळ्या पडद्याकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवा. आपण विकत घेतलेल्या यंत्रात पहिला शब्द कोणाचा, हाच यातला खरा प्रश्न आहे.

एमबीआरचे दिवस पुढे भरत आले. तिच्या नोंदवहीत २ टीबीपेक्षा मोठी डिस्क मावत नाही. इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी नव्वदच्या दशकाअखेर ईएफआय ही नवी व्यवस्था आखली होती. २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेली आणि यूईएफआय झाली. सोबत आली जीपीटी ही नवी नोंदवही, जिच्यात साधारणपणे १२८ पार्टिशने मावतात. आता ५१२ बाइटांची देवडी नाही. डिस्कवर फॅट पद्धतीचे एक लहान पार्टिशन असते. त्यात प्रत्येक कार्यप्रणालीची वेगळी फोल्डर असते आणि मदरबोर्डच्या स्मृतीत त्यांची क्रमवार यादी. दोन तलवारींना अखेर दोन म्याने मिळाली. भांडण मिटायला हवे होते.

मिटले नाही, कारण विषाणूंच्या धड्याचे उत्तर याच वेळी आले : सिक्युअर बूट. यंत्र सुरू होताना प्रत्येक लोडरची डिजिटल सही तपासायची, आणि सही ओळखीची नसेल तर त्याला चालूच द्यायचे नाही. कल्पना रास्त आहे. ब्रेन आणि स्टोन्ड यांना ती दारातच अडवती. पण ओळखीची म्हणजे कोणाच्या ओळखीची? पीसींमध्ये किल्ल्या भरल्या गेल्या त्या मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या. सप्टेंबर २०११ मध्ये रेड हॅटमधील मॅथ्यू गॅरेट यांनी सावध केले की असे झाले तर लोकांना स्वतःच्या संगणकावर लिनक्स चालवता येणार नाही. बराच गदारोळ झाला. विंडोज ८ च्या प्रमाणपत्राच्या अटींत शेवटी असे ठरले की नेहमीच्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय मालकाला असलीच पाहिजे. एआरएम प्रोसेसरच्या उपकरणांना मात्र ही मोकळीक दिली गेली नाही.

लिनक्सवाल्यांनी मधला मार्ग काढला. शिम नावाचा छोटासा लोडर लिहिला आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली. यंत्र शिमवर विश्वास ठेवते, शिम ग्रबवर, ग्रब लिनक्सवर. ओळखीच्या ओळखीने आत जाणे म्हणा! ऑक्टोबर २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात उबुंटू आणि फेडोरा याच वाटेने नव्या संगणकांवर पोहोचले.

या साखळीची एक कडी कच्ची निघाली की काय होते, ते दोनदा दिसले. जुलै २०२० मध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाची त्रुटी उघड झाली. सही असलेला ग्रबच हल्लेखोराच्या कामी येऊ शकत होता. घाईने काढलेल्या काही दुरुस्त्यांनी चांगले चाललेले संगणकच बंद पाडले. मग १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या मासिक अपडेटने जुन्या, कच्च्या ग्रबवर बंदी घातली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते. पण अनेक यंत्रांवर ड्युअल बूट आहे हे त्या अपडेटला ओळखताच आले नाही. दुसऱ्या दिवशी जगभर असंख्य लोकांनी लिनक्स निवडले आणि पडद्यावर 'काहीतरी गंभीर बिघडले आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटून संगणक बंद झाला. तोडगे लगेच निघाले, पण मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

त्या सकाळी काय करावे?

आता इतिहासाचा उपयोग. काळा पडदा आलाच, तर पुढच्या क्रमाने जा.

पहिले, काहीही 'फॉरमॅट' किंवा 'रीसेट' करू नका. पडद्यावरच्या ओळीचा फोनने फोटो काढा. वर सांगितल्याप्रमाणे ती ओळच निदान असते.

दुसरे, संगणक सुरू होताना सेटिंगच्या पानात जा आणि डिस्क दिसते का पाहा. डिस्कच दिसत नसेल, तर बूट लोडर निर्दोष आहे. बिघाड यंत्राचा आहे.

तिसरे, बूट मेनू उघडा. बहुतेक लॅपटॉपवर एफ १२, एफ ९ किंवा एस्केप ही कळ असते. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि लिनक्सचे नाव, दोन्ही एकेकदा निवडून पाहा. यातले एक चालले, तर फक्त यादीचा क्रम बदलला आहे. सेटिंगमध्ये क्रम परत लावा आणि चहा घ्या. नव्या यंत्रांवरच्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

चौथे, काहीच चालत नसेल तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह यूएसबी बनवा आणि त्यावरून सुरू करा. डिस्कवरची दुरुस्ती नंतर. आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आजोबांची आत्मकथा सगळ्यात आधी.

पाचवे, मूळ व्यवस्था ज्या पद्धतीची, एमबीआर की यूईएफआय, त्याच पद्धतीने यूएसबी सुरू करा. एका पद्धतीच्या घरात दुसऱ्या पद्धतीचा पहारेकरी बसवल्याने गोंधळ वाढतो. मग लिनक्सच्या बाजूने ग्रब पुन्हा बसवता येतो. उबुंटूसाठी 'बूट-रिपेअर' हे साधन बरेचसे काम स्वतः करते. विंडोजची वाट मोडली असेल, तर विंडोजच्या यूएसबीवरून जुन्या पद्धतीत 'बूटरेक' आणि नव्या पद्धतीत 'बीसीडीबूट' या आज्ञा आहेत.

सहावे, लिनक्स चालते पण मेनूत विंडोज दिसत नाही? २०२१ च्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या कार्यप्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो सुरू करा आणि मेनू नव्याने तयार करा. विंडोज हरवलेले नसते, त्याचे नाव पुकारलेले नसते.

तीन सावधगिरीच्या गोष्टी मात्र आजच करून ठेवा, सगळे सुरळीत असताना. सिक्युअर बूटला हात लावला की बिटलॉकर कुलूप घालून ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, कागदावर लिहून ठेवा. विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि त्या अवस्थेत लिनक्सने त्याच्या पार्टिशनवर काही लिहिले तर फायली बिघडू शकतात. आणि घड्याळ : विंडोज यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. इकडून तिकडे गेलात की घड्याळ काही तासांनी चुकते. भारतात ते नेमके साडेपाच तासांनी चुकते, म्हणजे तिकडच्या भावाला मदत करताना हा आकडा ऐकलात तर बॅटरी बदलायला सांगू नका. लिनक्सच्या एका सेटिंगने ते जुळते.

शेवटी

१९८३ ते आज, तंत्र चार वेळा बदलले. प्रश्न तोच राहिला. दार एक असताना दोघांनी कसे राहायचे? जबरदस्तीने एकाने दुसऱ्याला पुसले तेव्हा दोघांचेही वापरणारे अडले. दुसऱ्याचे अस्तित्व आधी तपासून, त्याचे नाव यादीत ठेवून मगच आपली मांडणी केली, तेव्हा दोघेही चालले. दोन देशांत, दोन भाषांत घर चालवणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

पण एक गोष्ट बूट लोडर तुमच्यासाठी करणार नाही. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली वाचू शकणारी यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत, आणि त्या कशा टंकल्या हे सांगू शकणारी माणसेही. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशेबाच्या नव्या वह्यांची पूजा होते. या वर्षी त्या वह्यांशेजारी तो जुना लॅपटॉप ठेवा. मुलांना सोबत घ्या, दोन्ही कार्यप्रणाली सुरू होतात का पाहा, फायलींची प्रत काढा, आणि फॉन्ट हाताशी आहे तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवायला लागा. तंत्र मुलांच्या हाती आहे, मजकूर तुमच्या. दोघे एका टेबलाशी बसलात तर एका सुट्टीत होण्याजोगे काम आहे.

शुभ दीपावली.